गारगोटीवर फ्लोरीनचें कलम

नागपूरच्या पश्चिमेस जाम नदीच्या खोऱ्यांत काटोल हें गांव आहे. संत्र्यांच्या बागांमुळें त्याचें नांव दूरवर गेलेलें आहे. या बागांतील एक गोष्ट शहरवासी मंडळींस कदाचित् ठाऊक नसेल. संत्र्याचें झाड तेथें सामान्यतः स्वतःच्या मुळांवर वाढवीत नाहींत. आधीं जंबेरीचें रोप लावतात. त्याचें खोड बळकट झालें म्हणजे सालीला चाकूनें चीर देऊन तींत चांगल्या संत्र्याचा एक डोळा बसवितात व वरून पट्टीनें बांधतात. कांहीं दिवसांनीं डोळा फुटतो. मग जंबेरीचा शेंडा छाटून टाकतात, आणि पुढें वर्षानुवर्षें जमिनीखालीं जंबेरी व जमिनीवर संत्रा असा संसार सुखानें चालतो. यांतील मर्म एवढेंच कीं, डोळा बांधावयाचा तो झाडांत रस खेळत असतांना. रस आटला असेल, साल सुटत नसेल, तर कितीहि घट्ट बांधा, जोड बसत नाहीं. दोन वाळलेलीं लांकडें दोरीनें आवळलीं म्हणजे मोळी होते, कलम होत नाहीं.

गेल्या शंभर वर्षांच्या रसायनशास्त्रांत अशाच एका कलमाची कथा घडली आहे. तिच्यांतील खुंट म्हणजे सिलिका, अर्थात् गारगोटी व वाळू यांचें द्रव्य. आणि डोळा म्हणजे फ्लोरीनयुक्त पॉलिमर. पॉलिमर म्हणजे लहान लहान रेणूंच्या असंख्य कड्या जोडून झालेली लांबच लांब सांखळी. या कुळांतील टेफ्लॉन हें द्रव्य न चिकटणाऱ्या तव्याच्या रूपानें आज घरोघर पोंचलें आहे. आतां या दोघांचे स्वभाव पाहा. एक पाण्याला ओढून घेणारें, दुसरें पाण्याला दूर लोटणारें. एक कठीण पण ठिसूळ, दुसरें चिवट पण मऊ. शिवाय दुसऱ्याची ख्यातीच अशी कीं, तें कशालाच चिकटावयास तयार होत नाहीं. अशा दोघांना एकत्र नांदविण्याची विद्या माणसानें कशी साधली, आणि ती साधतांना कोणती किंमत मोजली, हें समजून घेण्यासारखें आहे.

खुंटाची ओळख प्रथम करून घ्यावी. सिलिका हें सिलिकॉन नांवाचें मूलद्रव्य आणि प्राणवायु यांचें संयुग होय. काटोलच्या माणसाला तें शोधावयास दूर जावें लागत नाहीं. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं दख्खनच्या पठारावर जो लाव्हारस पसरला, त्याच्या निवालेल्या काळ्या कातळावर हा सारा मुलूख वसलेला आहे. त्या लाव्हारसांत वायूचे बुडबुडे अडकून जागोजाग पोकळ्या राहिल्या. पुढें सिलिका विरघळलेलें पाणी त्या पोकळ्यांत झिरपलें, आणि दीर्घ काळानें तेथें गारगोटीचे व अकीकाचे थर सांचले. २२ मे २०१२ रोजीं भर दुपारीं काटोलच्या परिसरांत आकाशांतून उल्कापाषाण पडले. ते तपासले तेव्हां त्यांतहि सिलिकेच्याच गोताचीं खनिजें मुख्यत्वें निघालीं. भंडारा-गोंदियाकडे भाताचें तूस जाळलें म्हणजे जी राख उरते, तिचाहि फार मोठा भाग सिलिकाच असतो. दगडांत, धान्याच्या टरफलांत, आणि आकाशांतून पडलेल्या पाषाणांतहि सिलिकेचा असा वावर आहे.

हें द्रव्य उष्णता सोसतें, सहसा झिजत नाहीं, आणि तापलें तरी फारसें प्रसरण पावत नाहीं. पण त्याच्या पृष्ठभागावर पाण्याची ओढ असलेले असंख्य अणुगट असतात. औषधांच्या बाटल्यांत किंवा नव्या पादत्राणांच्या खोक्यांत पांढऱ्या दाण्यांची जी पुडी घातलेली असते, ती सिलिकेचीच. हवेंतील ओलावा शोषून घेणें हें तिचें काम. अशा द्रव्याला पाण्यापासून अलिप्त राहावयास शिकविणें सोपें नव्हतें.

डोळ्याची जात मात्र अगदीं निराळी. फ्लोरीन हें मूलद्रव्य विदर्भाला अपरिचित नाहीं. फ्लोरस्पार हें त्याचें खनिज चंद्रपूर जिल्ह्यांत सांपडतें. त्याच जिल्ह्यांतील आणि यवतमाळ जिल्ह्यांतील कित्येक गांवीं विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यांत फ्लोराइड प्रमाणाबाहेर असल्यामुळें लोकांच्या दांतांवर तपकिरी डाग पडतात आणि हाडें ताठरतात. जें अल्प प्रमाणांत दांतांना बळकटी देतें, तेंच प्रमाण सुटलें म्हणजे शरीर मोडतें. फ्लोरीनच्या साऱ्या चरित्रांत हें द्वंद्व सांपडतें.

सिलिकेशीं तर त्याचें पूर्वापार वैर. १७७१ सालीं स्वीडनमधील कार्ल शेले या रसायनज्ञानें फ्लोरस्पार व गंधकाम्ल एकत्र तापविलें, तेव्हां निघालेल्या वायूनें त्याचें कांचेचें भांडेंच खाल्लें. कांच ही मुख्यतः सिलिकेची, आणि फ्लोरीनचें अम्ल सिलिका गिळून तिचा वायु करून टाकतें. म्हणून हें अम्ल कांचेंत ठेवतां येत नसे. त्याकरितां शिशाचीं किंवा मेण लावलेलीं भांडीं वापरावीं लागत. खुद्द फ्लोरीन मोकळा करण्याच्या प्रयत्नांत कित्येकांनीं प्रकृति गमावली, आणि बेल्जममधील लुए व फ्रान्समधील निक्लेस यांनीं प्राण गमावले. अखेर २६ जून १८८६ रोजीं पॅरिसमध्यें आंरी म्वासाँ यास यश आलें. त्याबद्दल १९०६ चें नोबेल पारितोषिक त्याला मिळालें, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांनीं, १९०७ च्या फेब्रुवारींत, तो वारला.

असें हें क्रूर मूलद्रव्य कार्बनच्या सांखळीला जखडलें म्हणजे पराकाष्ठेचें शांत होतें, हा शोध मात्र अनपेक्षित रीतीनें लागला. ६ एप्रिल १९३८ रोजीं अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत डीपवॉटर येथें, ड्यूपाँ कंपनीच्या जॅक्सन प्रयोगशाळेंत, रॉय प्लंकेट हा सत्तावीस वर्षांचा तरुण शीतपेटींत वापरावयाच्या वायूंवर काम करीत होता. टेट्राफ्लोरोएथिलीन नांवाचा वायु त्यानें लहान नळकांड्यांत भरून थंड करून ठेवला होता. त्या दिवशीं एका नळकांड्याची तोटी उघडली, पण वायु बाहेर येईना. वजन केलें तर तें भरलेल्या नळकांड्याइतकेंच. दुसरा कोणी असता तर त्यानें तें नळकांडें अडगळींत फेकून नवें घेतलें असतें. प्लंकेट व त्याचा साहाय्यक जॅक रेबॉक यांनीं तें करवतीनें कापलें. आंत पांढरी, मेणासारखी गुळगुळीत भुकटी निघाली. वायूच्या रेणूंनीं बंद नळकांड्यांत आपोआप एकमेकांचे हात धरून सांखळ्या केल्या होत्या. हेंच तें टेफ्लॉन. त्याचें पेटंट १९४१ च्या फेब्रुवारींत मिळालें.

हें द्रव्य कोणत्याहि सामान्य अम्लानें विरघळेना, कोणत्याहि द्रावकांत मिसळेना. ३२७ अंश सेंटिग्रेडपर्यंत तें वितळेना, आणि वितळलें तरी वाहीना. कार्बन व फ्लोरीन यांचा बंध रसायनशास्त्रांतील अत्यंत बळकट बंधांपैकीं आहे. आणि कार्बनच्या सांखळीभोंवतीं फ्लोरीनच्या अणूंचें जणुं चिलखतच बसलेलें असतें. दुसऱ्या महायुद्धांत अणुबाँबसाठीं युरेनियम शुद्ध करतांना फ्लोरीनचें जें दाहक संयुग हाताळावें लागे, त्याला टिकणारीं वेष्टणें व झडपा याच द्रव्याच्या केल्या गेल्या. ज्या फ्लोरीनला पूर्वीं भांडें मिळत नसे, त्याला अखेर त्याच्याच कुळांतलें भांडें मिळालें.

पुढची पायरी स्वयंपाकघरांतील. १९५४ सालीं फ्रान्समधील मार्क ग्रेग्वार या गृहस्थानें ॲल्युमिनियमच्या तव्यावर टेफ्लॉन बसविण्याची युक्ति काढली, आणि १९५६ मध्यें त्यासाठीं टेफाल कंपनी स्थापन झाली. जें कशालाच चिकटत नाहीं, तें तव्याला कसें चिकटलें? ग्रेग्वारनें ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग अम्लानें खरवडून त्यांत सूक्ष्म खांचा पाडल्या, त्यांत टेफ्लॉनची भुकटी भरली, आणि तवा तापवून ती तेथेंच घट्ट केली. म्हणजे तेथें खरें चिकटणें झालेंच नाहीं. दाराच्या खांचेंत कडी अडकावी तसें तें अडकलें. सिलिकेच्या बाबतींतहि आरंभीचे प्रयत्न याच जातीचे होते.

सिलिकेची गरज पडली ती टेफ्लॉनच्या दोषांमुळें. हें द्रव्य दाबाखालीं हळूहळू सरकतें, घासलें कीं झिजतें, आणि तापलें म्हणजे फार फुगतें. बळकट, न झिजणारी व न फुगणारी सिलिका त्यांत मिसळली तर हे तिन्ही दोष कमी होतील, हा विचार स्वाभाविक होता. तंतूच्या व भुकटीच्या रूपांत कांच आणि सिलिका टेफ्लॉनमध्यें घालून अनेक उपयुक्त वस्तु झाल्याहि. रडार व दूरसंचार यांच्या यंत्रांतील मंडलपट्ट्यांना, जेथें उष्णतेनें आकार बदलून चालत नाहीं, असें मिश्रण फार उपयोगी पडलें. पण भुकटीचे कण गोळे होऊन एका जागीं जमत. सिलिकेच्या कणाभोंवतीं ओलावा धरे; टेफ्लॉन त्याला स्पर्श करीना; दोहोंच्या मध्यें सूक्ष्म फट राही, आणि पुढें तींतूनच तडा जाई. त्यावर उपाय म्हणून एक मध्यस्थ शोधला गेला. सिलेन वर्गाच्या रेणूचें एक टोंक सिलिकेशीं जोडलें जातें, आणि दुसऱ्या टोंकाला फ्लोरीन किंवा दुसरा पाणी न आवडणारा गट ठेवतां येतो. त्यानें पुष्कळ काम भागलें. तरीहि मूळ रचना मोळीचीच राहिली. दोर थोडा चांगला मिळाला इतकेंच.

खरा मार्ग निराळ्या दिशेनें आला, आणि त्याचें मूळ टेफ्लॉनच्या शोधापूर्वीं जवळजवळ शंभर वर्षें मागें आहे. पॅरिसजवळील सेव्हर येथील प्रसिद्ध चिनीमातीच्या कारखान्याशीं संबंधित असलेल्या झूल एबेलमेन या रसायनज्ञानें १८४६ च्या सुमारास सिलिकॉनचें एक संयुग अल्कोहोलशीं मिसळून एक पातळ द्रव तयार केला. तो दमट हवेंत ठेवला असतां हळूहळू घट्ट होत गेला, आणि शेवटीं त्याची पारदर्शक कांच झाली. भट्टी नाहीं, जाळ नाहीं, आणि कांच तयार! दख्खनच्या कातळांतील पोकळ्यांत निसर्गानें जें प्रचंड काळ घेऊन केलें, त्याचीच ही एक लहान प्रतिकृति म्हणतां येईल. एबेलमेन तरुण वयांतच, १८५२ मध्यें वारला, आणि हा शोध पुष्कळ काळ केवळ एक नवलाची गोष्ट म्हणून राहिला. पण त्यांतून एक मोठें सत्य हातीं आलें होतें. सिलिकेलाहि रस असतो. ती प्रथम द्रव असूं शकते, मग खिरीसारखी दाट होते, मग दह्यासारखी थिजते, आणि अखेर दगड होते. तिला कशाशीं जोडावयाचें असेल तर ती दगड होण्यापूर्वीं जोडावी.

या रसाला जागा देणारें पॉलिमरहि पुढें मिळालें. १९६० नंतरच्या दशकांत ड्यूपाँ कंपनींतील वॉल्टर ग्रोट या शास्त्रज्ञानें नाफिऑन नांवाचें पटल सिद्ध केलें. त्याचा कणा टेफ्लॉनचा, पण त्याला ठिकठिकाणीं फांद्या, आणि प्रत्येक फांदीच्या टोंकाला गंधकाचा अम्लगट. कणा पाण्याला दूर लोटतो, तर फांद्यांचीं टोंकें पाणी ओढतात. त्यामुळें या पटलांत आपोआप सूक्ष्म जलकोश तयार होतात. त्या कोशांच्या वाटेनें हायड्रोजनचा विद्युत्भारित कण, म्हणजे प्रोटॉन, पलीकडे जाऊं शकतो. म्हणून कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांत पाऱ्याच्या घातुक पद्धतीऐवजीं अशीं पटलें वापरांत आलीं, आणि हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या इंधनघटाचें तर तें हृदयच झालें.

पण या हृदयाला एक व्याधि होती. घट शंभर अंशांच्या आसपास तापला कीं जलकोशांतील पाणी उडून जातें, पटल वाळतें, आणि प्रोटॉनची वाट बंद पडते. म्हणून हे घट सामान्यतः ऐंशी अंशांच्या सुमारास चालवावे लागतात. पाणी धरून ठेवणारें एखादें द्रव्य त्या कोशांत असतें तर! आणि पाणी धरण्यांत सिलिकेचा हात कोण धरणार?

येथें कलमाची विद्या उपयोगी पडली. अमेरिकेंतील सदर्न मिसिसिपी विद्यापीठांत केनेथ मॉरिट्झ व त्यांचे सहकारी यांनीं तयार सिलिका पटलांत कोंबण्याचा प्रयत्न केला नाहीं. त्यांनीं ओल्या, फुगलेल्या पटलाला सिलिकेचा रस पाजला. पटलाच्या जलकोशांत पाणी होतें, आणि अम्लहि होतें. रस घट्ट होण्यास याच दोन गोष्टी लागतात. त्यामुळें सिलिका नेमकी त्या कोशांत, पटलाच्या कुशींत, कणाकणानें वाढली. येथें पॉलिमर हाच सांचा झाला. पट्टीखालीं संत्र्याचा डोळा आणि जंबेरीची साल एकमेकांत वाढतात, तसा हा प्रकार.

याचें फळ दोन वाटांनीं मिळालें. इटलींतील मेसिना येथील संशोधकांनीं १९९९ सालीं सिलिका मिसळलेल्या नाफिऑनचें पटल वापरून मेथिल अल्कोहोलवर चालणारा इंधनघट १४५ अंशांपर्यंत चालवून दाखविला. दुसरी वाट उलट दिशेची. १९९६ सालीं ड्यूपाँ कंपनींतील मार्क हार्मर व त्याच्या सहकाऱ्यांनीं पॉलिमरमध्यें सिलिका न वाढवितां, सिलिकेच्या थिजणाऱ्या रसांत नाफिऑनचे अतिसूक्ष्म कण अडकविले. हेतु असा कीं, रासायनिक क्रियांना गति देणारें घन अम्ल म्हणून नाफिऑन वापरावें. शुद्ध नाफिऑनच्या एका ग्रॅमचा उपयोगी पृष्ठभाग चौरस मीटरच्या पन्नासाव्या भागाएवढाच, म्हणजे दोन तळहातांएवढा. सिलिकेच्या सच्छिद्र जाळ्यांत पसरल्यावर मिश्रणाच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग १५० ते ५०० चौरस मीटरपर्यंत गेला. कांहीं क्रिया शुद्ध नाफिऑनच्या मानानें हजारपटीपर्यंत वेगानें घडल्या. द्रव्य तेंच, पण मांडणी बदलतांच त्याचा प्रभाव पालटला.

हा विषय महाराष्ट्राला परका नाहीं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत इंधनघटांवर दीर्घकाळ काम झालें आहे, आणि २१ ऑगस्ट २०२२ रोजीं पुण्यांतच हायड्रोजनच्या इंधनघटावर चालणारी, देशांत तयार झालेली पहिली बसगाडी लोकांपुढें आणली गेली. तिच्या धुराड्यांतून पाण्याच्या वाफेखेरीज कांहीं निघत नाहीं.

आतां या संयोगाची दुसरी बाजू पाहावयाची, ती पाण्याच्या थेंबाची. अळवावरचें पाणी हा शब्दप्रयोग मराठी माणूस क्षणभंगुरतेसाठीं वापरतो. पण तें पाणी पानाला चिकटत कां नाहीं, याचें समाधानकारक उत्तर विसाव्या शतकाच्या अखेरीस मिळालें. जर्मनींत बॉन येथील विल्हेल्म बार्थलॉट या वनस्पतिशास्त्रज्ञानें ख्रिस्तोफ नाइनहुइस याच्यासह १९९७ सालीं कमळाच्या पानाचें रहस्य मांडलें. पान दिसतें गुळगुळीत, पण सूक्ष्मदर्शकाखालीं त्यावर असंख्य उंचवटे दिसतात, आणि त्यांवर मेणाचे कण असतात. थेंब केवळ शेंड्यांवर टेंकतो. खालीं हवा राहते. थेंब गोल होऊन घरंगळतो आणि जातांना धूळहि घेऊन जातो. अळवाची रीत हीच.

थेंब किती गोल राहतो हें त्याच्या कडेच्या कोनावरून मोजतात. थेंब पसरला तर कोन लहान, पूर्ण गोळी झाली तर १८० अंश. सपाट टेफ्लॉनवर हा कोन सुमारें ११० अंश भरतो. आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर फ्लोरीनची कितीहि दाट मांडणी केली तरी तो १२० अंशांच्या पुढें फारसा जात नाहीं. म्हणजे एकट्या फ्लोरीनची धांव तेथें संपते. एकटी सिलिका तर पाणी पिऊनच टाकते. परंतु सिलिकेच्या सूक्ष्म कणांनीं उंचवटे करावे आणि त्यांवर फ्लोरीनयुक्त पॉलिमरचें कवच चढवावें, म्हणजे कोन १५० अंश ओलांडतो आणि अळवाचें पान कांचेवर, कापडावर, धातूवर उतरतें. सिलिकेच्या उंचवट्यांवाचून फ्लोरीनचा गुण पुरता प्रगट होत नाहीं, आणि फ्लोरीनच्या कवचावांचून त्या उंचवट्यांत पाणी शिरतें, असा हा परस्परांवर अवलंबून असलेला संसार आहे.

याच प्रश्नावर कोल्हापुरानें एक वेगळें उत्तर शोधलें. १९६२ मध्यें स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागांत प्राध्यापक ए. व्यंकटेश्वर राव यांच्या प्रयोगशाळेंत सिलिकेच्या एरोजेलवर अनेक वर्षें काम चाललें. एरोजेल म्हणजे थिजलेल्या सिलिकेंतील द्रव अलगद काढून तेथें हवा भरलेली वस्तु. ती प्रथम १९३१ सालीं अमेरिकेंत सॅम्युएल किस्लर यानें केली. तिचा बहुतेक भाग हवाच असल्यामुळें ती अत्यंत हलकी, पण ओलावा शोषून तडकणारी. कोल्हापूरच्या संशोधकांनीं सिलिकेचा असा रस निवडला कीं, ज्यांत सिलिकॉनच्या प्रत्येक अणूला एक मेथिल गट आधींच जोडलेला असतो. हा गट पाण्याला विन्मुख. तेव्हां सिलिका घट्ट होतांना पाण्याशीं वैर घेऊनच घट्ट झाली. २००३ सालीं त्यांनीं १७३ अंशांपर्यंतचा कोन प्रसिद्ध केला, आणि २००६ सालीं अशाच रसापासून न तुटतां वांकणारें एरोजेल केल्याचें जाहीर झालें. या कामांत फ्लोरीनचा अंशहि लागला नव्हता. रस चालू असतांना जोड करण्याचें तत्त्व मात्र तेंच.

फ्लोरीनवांचून हें साधलें याचें महत्त्व कळावयाचें तर किमतीचा हिशेब पाहिला पाहिजे. तयार टेफ्लॉन शांत असतें, परंतु तें बनवितांना साबणासारखें एक साहाय्यक रसायन फार काळ वापरलें जाई. त्याचें संक्षिप्त नांव पीएफओए. अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांत पार्कर्सबर्गजवळील कारखान्यांत त्याचा उपयोग १९५१ पासून सुरू झाला. ज्या बंधाची बळकटी म्हणून स्तुति झाली, त्याच बंधामुळें हें रसायन मातींत कुजत नाहीं, पाण्यांत नासत नाहीं, आणि शरीरांत वर्षानुवर्षें राहतें. तें तेथील लोकांच्या पिण्याच्या पाण्यांत उतरलें. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर नेमलेल्या तज्ज्ञमंडळानें २०१२ पर्यंत त्याचा सहा विकारांशीं संभाव्य संबंध दाखविला. त्यांत मूत्रपिंडाचा कर्करोगहि होता. २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारान्वयें त्याच्यावर निर्बंध आले, आणि २०२३ च्या अखेरीस जागतिक कर्करोग संशोधन संस्थेनें त्याला माणसास निश्चित कर्करोगकारक ठरविलें.

ही कथा समुद्रापलीकडचीच राहिलेली नाहीं. इटलींत व्हिचेंझा शहराजवळ त्रिस्सिनो येथें फ्लोरीनयुक्त रसायनांचा एक जुना कारखाना होता. त्याच्यामुळें लाखों लोकांचें पाणी दूषित झाल्याचें उघडकीस आलें, २०१८ सालीं तो दिवाळखोरींत निघाला, आणि जून २०२५ मध्यें तेथील न्यायालयानें अकरा अधिकाऱ्यांस दोषी ठरविलें. दरम्यान त्या बंद कारखान्याची यंत्रसामग्री विकत घेऊन ती रत्नागिरी जिल्ह्यांतील लोटे येथील औद्योगिक वसाहतींत आणली गेली. यंत्र हें स्वभावतः पापी नसतें. तें कोणत्या रसायनासाठीं चालतें, आणि सांडपाणी कोठें जातें, यावर सारें अवलंबून आहे. परंतु फ्लोराइडच्या पाण्यानें वांकलेलीं हाडें ज्या महाराष्ट्रानें पाहिलीं आहेत, त्यानें हे दोन प्रश्न विचारण्यास संकोच करूं नये.

गृहिणींनीं यावरून तवा फेकून देण्याचें कारण नाहीं. टेफ्लॉनचा तवा रिकामा, मोठ्या आंचेवर तापत ठेवूं नये, कारण अतिशय तापल्यावर त्याचें विघटन होऊन अपायकारक वाफा निघतात, एवढें पथ्य पुरे. समाजाला मात्र याहून मोठें पथ्य सांभाळावयाचें आहे. इंधनघटाच्या पटलासारख्या जागीं, जेथें अम्ल, उष्णता व वीज यांचा एकदम मारा होतो, तेथें फ्लोरीनला पर्याय मिळणें आज कठीण आहे; तेथें त्याची योजना करावी, आणि सांडपाण्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवावा. पावसाळी कापड, भिंतीचा रंग, खाद्यपदार्थाचा कागद अशा जागीं, जेथें कोल्हापूरच्या रीतीनें मेथिलसारख्या गटावर काम भागूं शकेल, तेथें शतकानुशतकें न नासणारें द्रव्य वापरण्याची हौस करूं नये.

काटोलचा बागवान कोणताहि डोळा कोणत्याहि खुंटावर बांधीत नाहीं. जमीन कशी आहे, पाणी किती आहे, मूळ कोणता रोग सोसेल, हें पाहून तो खुंट निवडतो, आणि मग रस चढण्याची वाट पाहतो. रसायनज्ञांनीं त्याच्या विद्येचा उत्तरार्ध, म्हणजे रस असतांना जोड करणें, उत्तम रीतीनें साधला आहे. पूर्वार्ध अजून शिकावयाचा आहे.